चौथे जाकीट

१

हिवाळ्याच्या अखेरच्या एका शनिवारी, सकाळी, दार उघडण्यास थोडा अवकाश असताना, जुन्या चौकातील तीन मजली वस्त्रदालनाच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या कपाटासमोर, एक कृत्य उघडकीस आले. कृत्य लहान होते. अंगठ्याच्या नखाएवढे म्हटले तरी चालेल. परंतु ते ज्या वस्तूवर घडले होते ती वस्तू लक्षात घेता त्याला गुन्ह्याखेरीज दुसरे नाव देणे कोणाही विचारी माणसाला अवघड गेले असते.

ती वस्तू म्हणजे लोकरीचा एक लांब कोट. रंग करडा, त्यात शेवाळाची हिरवी झाक, आणि अंगावर तळहाताएवढ्या चौकटी. त्याही इतक्या अंधुक की कोट हातात घेईपर्यंत त्या आहेत याची शंकाही येऊ नये. हे कापड विणणारी गिरणी बंद पडली होती. ताग्याचा शेवटचा भाग या कोटात संपला होता, आणि एक निवृत्त जहाज-कप्तान आज संध्याकाळी तो घेऊन जाणार होता. मालकांनी अखेरची नजर टाकावी म्हणून कोट उलटा केला, तेव्हा खालच्या घेराच्या आतल्या दुमडीतून कापडाचा एक चौकोनी तुकडा कोणीतरी कापून नेलेला त्यांना दिसला. कड स्वच्छ होती. कात्री धारदार होती आणि हात थरथरलेला नव्हता.

मालकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते, असे धाकटीला वाटले. मजल्यावरच्या सर्वांत नव्या विक्रेतीला तिथे सगळे धाकटी म्हणत. तिच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस होता. तिला कायम करायचे की नारळ द्यायचा, हे संध्याकाळी ठरायचे होते.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडेच असत. एक मालकांकडे, एक नानांकडे, आणि तिसरी मजला बंद करणाऱ्याकडे. काल मजला धाकटीने बंद केला होता. नाना, म्हणजे त्या दालनाचे ज्येष्ठ विक्रेते, अजून आले नव्हते. ते आजवर कधी उशिरा आल्याचे कोणाला आठवत नव्हते, म्हणून मालक ते आजारी असणार असे धरून चालले. नानांवर संशय घेणे म्हणजे घड्याळावर संशय घेण्यासारखे होते.

"समोरच्या दुकानात तू दोन वर्षं होतीस ना?" मालकांनी विचारले.

होते, असे ती म्हणाली.

"हे कापड पुन्हा कुठून विणून मिळेल, म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात आमच्या कटर मास्तरांकडे चौकशी केली होती. त्यांना नमुना हवा होता. आता त्यांना तो मिळालेला दिसतोय."

नोकरी जाणे ही एक गोष्ट. परंतु चोरीचा डाग घेऊन या पेठेत कोणी कोणाला उंबऱ्याच्या आत घेत नाही, हे ती जाणून होती. समोरच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या मागे मागे फिरून, ओरडून माल खपवायचा असे. तिथून ती केवळ नानांना विकताना पाहता यावे म्हणून इथे आली होती. कापड न उलगडता त्याचे वजन सांगणारा, आणि गिऱ्हाईकाच्या खांद्यावर कोट ठेवताना जणू त्याचा सत्कार करणारा तो माणूस तिने पहिल्यांदा काचेतून पाहिला होता, आणि आपल्याला आयुष्यात काय यायला हवे हे तिला त्या क्षणी कळले होते.

मालक वळले आणि ट्रायल रूमबाहेरच्या भिंतीकडे पाहून वैतागले. पाहुण्यांचे कोट टांगायच्या खुंट्यांवर त्यांनी याच आठवड्यात पितळी दिवे बसवून घेतले होते. त्यातला एक मान वर करून छताकडे पाहत होता.

"आणि हा दिवा कुणी वाकवला? एकेक गोष्ट धड राहत नाही." मग ते फोनकडे गेले. "मी आत्याला बोलावतोय. पोलिसांना बोलवायचं की नाही ते तीच सांगेल."

२

आत्या, म्हणजे मालकांच्या वडिलांची बहीण, गुडघ्यांनी दगा देईपर्यंत याच मजल्याची सर्वेसर्वा होती. आता ती महिन्यातून एखादेवेळी यायची, खुर्चीत बसायची, चहाला नावे ठेवायची आणि जायची. आजही तिने प्रथम खुर्ची मागितली, मग चहा, आणि तिसऱ्या क्रमाने कोट.

तिने दुमडीवरून बोट फिरवले. चष्मा कपाळावर सरकवून छिद्र डोळ्याजवळ नेले. मग कोट पालथा करून अंगावरच्या चौकटीवर आपला तळहात ठेवला आणि भाच्याला विचारले, "तुझं म्हणणं, हा नमुना म्हणून चोरला?"

"दुसरं काय असणार?"

"नमुन्याला निदान एक पुरी चौकट लागते रे. चौकट माझ्या तळहाताएवढी, तुकडा माझ्या नखाएवढा. एवढ्यावरून गिरणीवाला काय विणेल? हातरुमालसुद्धा नाही. समोरचे लोक हलकट असतील, पण कापडातले अडाणी नाहीत."

मालकांनी युक्तिवाद सोडला नाही. चोर अननुभवी असेल तर चुकीचा तुकडा कापू शकतो, असे त्यांचे म्हणणे. आणि मजल्यावर अननुभवी कोण आहे हे त्यांनी डोळ्यांनीच सुचवले. आत्याने ते म्हणणे फेटाळले नाही, स्वीकारलेही नाही. जो चोर अननुभवी आहे तो उभ्या-आडव्या धाग्याला अचूक धरून कात्री कशी चालवतो, एवढेच तिने विचारले, आणि कटर मास्तरांना वरच्या मजल्यावरून खाली बोलावणे धाडले.

कटर मास्तर हा रागीट, रुंद खांद्यांचा, आपल्या कामाविषयी विलक्षण अभिमान बाळगणारा गृहस्थ होता. कापणे, शिवणे आणि अगदी नाजूक रफू, तिन्ही त्याच्या हातचे. आणि तिन्हींत त्याला तोड नव्हती. शेवटच्या कापडाचा नमुना जपून ठेवावा म्हणून त्याने मालकांशी कडाक्याचे भांडण केले होते, हेही सर्वश्रुत होते. ताग्याचे काही उरले होते का, असे आत्याने विचारले. तसूभरही नाही, असे तो म्हणाला. खिशांची झाकणेसुद्धा जोड देऊन केली होती.

"मग नमुना तुम्ही घेतलात?"

"मी नमुना चोरणारा माणूस नाही."

"ते मी विचारलं नाही. कात्री तुम्ही चालवलीत का?"

"कात्री मी दिवसभर चालवतो, आत्याबाई. पगार त्याचाच घेतो."

धाकटी शेजारी उभी होती. त्याने चहाचा कप उचलला तेव्हा त्याच्या तर्जनीच्या टोकावर सुईचे बारीक टोचे तिला दिसले. शिवताना मास्तर अंगुस्तान, म्हणजे बोटावरची धातूची टोपी, घातल्याशिवाय सुई हातात धरत नसे. त्याबद्दल तो शिकाऊ कारागिरांना शिव्याही घालत असे. आत्याचीही नजर त्याच बोटावर क्षणभर रेंगाळली आणि मग कपाकडे गेली.

"आणखी काही सांगायचंय?"

मास्तराने धाकटीकडे पाहिले. मघापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा ढिला पडला.

"हिनं काही चोरलेलं नाही. बाकीचं नाना आले की बोलू. त्याआधी माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही."

३

मालकांना दुकान उघडायचे नव्हते. आत्याला ते मुळीच मान्य नव्हते. चौकशी उद्यावर टाकता येते, दारातले गिऱ्हाईक टाकता येत नाही, असे तिचे तत्त्व. आणि मजल्यावर उभे राहायचे कोणी, तर धाकटीनेच. मालकांनी हरकत घेतली. जोवर काही सिद्ध झालेले नाही तोवर ती या दुकानाची विक्रेती आहे, असे आत्याने सांगितले आणि आपली खुर्ची आरशाच्या बाजूला ओढून घेतली.

पहिलाच आला तो एक लाजाळू, उंच माणूस. त्याला मुलीच्या लग्नात घालायला जाकीट हवे होते, आणि दुकानाच्या थाटाने तो इतका दबला होता की पायपुसण्यावरून पुढे सरकायलाही संकोचत होता. धाकटीच्या तोंडचे पाणी सकाळपासून पळालेले होते. तरीही त्याला पाहिल्याबरोबर तिच्या हातांनी आपले काम सुरू केले. तिने त्याला काय हवे ते विचारले नाही. मुलगी कशी आहे ते विचारले. तो बोलू लागला तसे त्याचे खांदे मोकळे झाले आणि त्यांचे खरे माप तिला दिसले.

त्याच्या अंगावरचा जुना कोट तिने दोन्ही हातांनी उतरवून घेतला. या दुकानाची रीतच होती: पाहुण्याचा कोट झटकायचा, त्यावरून ब्रश फिरवायचा आणि तो छाती बाहेर करून खुंटीला लावायचा, म्हणजे ट्रायल रूममधून बाहेर येताच आपल्या जुन्या कपड्याचाही इथे मान राखला गेला हे त्याला दिसावे. तिने कोट लावला. मग पहिले जाकीट दाखवले, त्याने मागितले तसेच, काळे. ते त्याला शोभले नाही आणि तिने तसे म्हटलेही नाही. दुसरे तपकिरी होते. ते घालून आरशात पाहताना तो नकळत ताठ उभा राहिला. तिसरे तिने केवळ दुसऱ्याची खात्री पटावी म्हणून काढले. तो स्वतःच "नाही, ते मधलंच" असे म्हणाला. जाताना त्याने तिला मुलीचे लग्न कोणत्या वारी आहे तेही सांगितले.

आत्या गालातल्या गालात हसत होती. "तीन. हे तुला कुणी शिकवलं?"

"नानांनी. ते म्हणतात, पहिलं गिऱ्हाईकाच्या मनातलं, दुसरं त्याच्या अंगातलं, तिसरं पारख करायला. चौथं काढलंत की माणूस स्वतःकडे बघायचं सोडून कपड्यांकडे बघायला लागतो."

"आणि नाना स्वतः चौथं काढत नाहीत."

"कधीच नाही." मग तिला आठवले, आणि आठवले तसे ती बोलून गेली. "म्हणजे, काल सोडून."

आत्याने हातातला कप बशीत ठेवला. बशीचा आवाज झाला नाही, परंतु ठेवण्यात काही असे होते की पलीकडे उभे असलेले मालकही वळले.

"काल काय झालं?"

४

काल दुपारी, धाकटीने सांगितले, चित्रकार बाई आल्या होत्या. दुकानाच्या त्या जुन्या गिऱ्हाईक. वडील गेल्यापासून त्यांचाच कोट आपल्या अंगाला बेतून घेऊन हिवाळाभर वापरत. त्यांना एक जाकीट हवे होते आणि दाखवलेल्या दुसऱ्या जाकिटावरच त्यांचे मन बसले होते. तरीही नानांनी चौथे काढले. मग पाचवे. मग जाकिटांचे कपाट रिकामे होईपर्यंत काढतच राहिले. मध्ये चहा मागवला, मग पुन्हा चहा मागवला, मग गळ्याभोवती घ्यायच्या शालींकडे वळले. बाई हसून म्हणाल्या की नाना, आज तुम्ही मला घरी जाऊ देत नाही वाटतं. संध्याकाळ झाली तेव्हा कुठे नाना स्वतः वरच्या मजल्यावर गेले, त्यांचा कोट घेऊन आले आणि तो त्यांच्या खांद्यावर ठेवला. हे सारे पाहून धाकटीला नवल वाटले होते. तरीही, नाना करतात त्यात काही तरी विद्या असणार अशी तिची श्रद्धा असल्यामुळे, तिने मुकाट्याने पाहिले आणि शिकण्याचा प्रयत्न केला.

"त्यांच्या वडिलांचा कोट कुठल्या कापडाचा?" आत्याने विचारले.

उत्तर मालकांनी दिले. आवाज त्यांचाच होता, परंतु सकाळचा नव्हता. "याच ताग्याचा."

आत्या आता सावकाश बोलू लागली. एकेक शिवण उसवावी तशी. तुकडा नमुन्यासाठी लहान, म्हणजे तो नमुन्यासाठी नव्हता. धाग्याला धरून कापलेला, म्हणजे ज्याला हवे होते त्याला कापड नव्हे, धागे हवे होते. धागे उसवून कोण घेतो? रफू करणारा. रफू करताना मास्तर अंगुस्तान काढून ठेवतात, कारण बोटाच्या कातडीला धागा कळला पाहिजे. आणि त्यांचे बोट आज टोचून निघाले आहे. दुमडीतले छिद्र सोडले तर कप्तानाचा कोट सगळीकडे अभंग आहे, म्हणजे रफू दुसऱ्या कोटावर झाले. या कापडाचा दुसरा कोट काल याच मजल्यावर होता, त्याची धनीण घरी जाऊ पाहत होती, आणि ज्या माणसाने आयुष्यात चौथे जाकीट काढले नाही तो कपाट रिकामे करत तिला थांबवून धरत होता.

"नाना जाकिटं विकत नव्हते," आत्या म्हणाली. "मास्तरांना वेळ मिळवून देत होते."

मालक खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्या कोटाला काय झाले होते, असे त्यांनी विचारले.

आत्या काठी टेकत ट्रायल रूमबाहेरच्या भिंतीपाशी गेली. लाजाळू माणसाचा कोट मघाशी ज्या खुंटीवर होता तिच्या शेजारच्या खुंटीवर तो पितळी दिवा मान वर करून होता. तिने बटण दाबले, दिव्याची मान खाली वळवली आणि दिव्यापुढे आपला तळहात धरला. थोड्याच वेळात तिने हात मागे घेतला.

"छाती बाहेर करून लावलेला कोट," ती म्हणाली, "इथे बरोबर दिव्याच्या तोंडाला टेकतो. ही रीत माझ्या काळापासूनची आहे. दिवा मात्र नवा आहे."

आणि तेव्हा धाकटीला काल दुपारचा तो वास आठवला. केस जळाल्यासारखा, पुसटसा. वर इस्त्री चालू असेल असे वाटून तिने तिकडे दुर्लक्ष केले होते. लोकर जळते तेव्हा तिला केसांचाच वास येतो, हे तिला ठाऊक होते. आणि तो कोट त्या खुंटीवर कोणी लावला होता, हेही तिला ठाऊक होते. किंबहुना या मजल्यावर ते फक्त तिलाच आणि नानांना ठाऊक होते.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली.

५

नाना एकटे नव्हते. त्यांच्यासोबत चित्रकार बाई होत्या, आणि त्यांच्या अंगावर वडिलांचा कोट होता. नानांचा गळपट्टा नेहमीसारखा नीट होता. चेहरा मात्र रात्रभर झोप नसलेल्या माणसाचा होता. कपाटासमोर जमलेली माणसे आणि उलटा करून ठेवलेला कोट त्यांनी पाहिला, आणि काही विचारण्याची त्यांना गरज उरली नाही.

उशीर झाला, असे ते म्हणाले. बाईंच्या घरी जाऊन आलो. आजवर गिऱ्हाईकापासून काही लपवले नव्हते, काल लपवले, आणि ते रात्रभर अंगाला टोचत राहिले. म्हणून सकाळी उठून आधी त्यांना सांगायला गेलो. कप्तानांना सांगायचे ते संध्याकाळी सांगेन. मालकांना आता सांगतो आहे.

"बाईंचा कोट माझ्या हातून जळला," नाना म्हणाले. "कपाट माझ्या किल्लीने उघडलं, तुकडा माझ्या सांगण्यावरून मास्तरांनी कापला. जी काय शिक्षा असेल ती माझी."

आत्या खुर्चीत परतली तशी बाईंनी कोट काढून तिच्या मांडीवर ठेवला. रंगांच्या छटा ओळखणे हाच माझा व्यवसाय आहे, त्या म्हणाल्या. नानांनी सांगितल्यापासून मी हा कोट खिडकीशी धरून पाहते आहे, आणि जळलेली जागा मला सापडलेली नाही. आत्याने पाहिले. मालकांनी भिंग आणून पाहिले. धागा धाग्यात असा मिसळला होता, चौकटीची अंधुक रेघ अशी अखंड गेली होती, की अखेरीस मास्तरालाच बोलावून बोट ठेवायला सांगावे लागले. त्याने ते ठेवले, काहीशा तोऱ्यातच, आणि बोट उचलताच जागा पुन्हा दिसेनाशी झाली. मालक बराच वेळ त्या ठिकाणी पाहत राहिले. रागवायला आलेला माणूस एखाद्या शिल्पापुढे अडकून पडावा तसे त्यांचे झाले होते.

धाकटीला आता काही बोलण्याचे कारण उरले नव्हते. चोरीचा डाग धुऊन निघाला होता. ती गप्प राहिली असती तर संध्याकाळी कायम झाली असती. नानांनी तिच्याकडे पाहून मान किंचित हलवलीही; ती खूण तिला कळली. ट्रायल रूममधल्या गिऱ्हाईकाला नको असलेला कपडा मागे ठेवण्यासाठी ते अशीच मान हलवत.

"नाना खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "कोट मी लावला होता. छाती बाहेर, त्यांनी शिकवलं तसाच. दिव्याकडे मी बघितलं नाही. वास आला तेव्हाही मी बघितलं नाही."

"पोरी, तुला कुणी विचारलं होतं का?" नाना म्हणाले. ते रागावलेले नव्हते.

"तुम्हीच म्हणता ना, गिऱ्हाईक समोर असताना खोटं बोलायचं नाही."

बाई हसल्या. नानांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा मात्र त्यांच्या नाकावर नव्हता. तो जाकिटाच्या खिशात होता, आणि हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मालकांनी आत्याकडे पाहिले. प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता: कप्तानाच्या कोटाचे काय, बाईंच्या कोटाचे काय, आणि दोष कोणाच्या पदरात घालायचा. कप्तानांना सारे सांगायचे आणि कोट घ्यायचा की नाही ते त्यांच्यावर सोडायचे, असे आत्या म्हणाली. दुमडीतले छिद्र कोट फाटेपर्यंत कोणाला दिसणार नाही, आणि हे कापड फाटायला कप्तानांना आणखी एक आयुष्य लागेल. बाईंना तिने कोट परत दिला, तो दोन्ही हातांनी. मास्तराला तिने काही म्हटले नाही. त्याचे टोचलेले बोट मात्र हातात घेऊन पाहिले, आणि तो रागीट माणूस शाळकरी पोरासारखा लाजला. नानांना तिने एवढेच विचारले की इतकी जाकिटे दाखवूनही बाईंनी शेवटी कोणते घेतले.

"दुसरं," नाना म्हणाले.

आत्याने काठी उचलली, भिंतीकडे रोखली, आणि भाच्याकडे वळून आपला निर्णय दिला.

"मुलगी राहील. दिवा जाईल."